गीर गाईला काळी कालवड झाली, तर आधी दिवस मोजा

शिरूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: घरी तांबडी गीर गाय, तिसऱ्या वेताची. १२ जानेवारीला गीरचंच सीमेन भरलं, १४ नोव्हेंबरला गाय व्यायली. कालवड झाली, पण काळीभोर. कपाळावर चांद, पोटाखाली पांढरं, शेपटीचा गोंडा पांढरा. आता भावकी म्हणते, डॉक्टरने एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी काळ्या-पांढऱ्या जातीची) कांडी, म्हणजे सीमेनची नळी, मारली. सासरे म्हणतात, गायच मुळात शुद्ध नव्हती, बाजार दाखव तिला. पठ्ठ्याला तीन गोष्टी हव्यात: फसवणूक झाली का, कालवड ठेवायची का, आणि पुढे गीरच लावत गेलो तर पुन्हा गीर होईल का.

पुणे जिल्ह्यात रेतनाचं काम करताना माझी तीस वर्षं गेली. या एका प्रश्नावरून माणसं एकमेकांच्या दारात उभी राहायची बंद झालेली पाहिली आहेत. म्हणून रंगाकडे वळण्याआधी कॅलेंडर काढा.

१२ जानेवारी ते १४ नोव्हेंबर हे ३०६ दिवस होतात. गीर गाय साधारण २८५ दिवसांच्या आसपास विते. पाच-सात दिवस इकडे, आठ-दहा दिवस तिकडे, इथवर ठीक. ३०६ म्हणजे फारच झालं. आता ३०६ मधून २८५ वजा करा. उरतात २१. गाईचा माज किती दिवसांनी फिरतो? २१. म्हणजे १२ जानेवारीचं रेतन लागलंच नाही, गाय २ फेब्रुवारीच्या सुमारास उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, आणि तेव्हा कुणीतरी तिला लागलं. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण देशी गाईचा माज पुष्कळदा मुका असतो, रात्रीचा असतो आणि थोडा वेळ असतो. त्या आठवड्यात गाय मोकळी सोडली होती का? पिकाचं पाचट खायला शेजारच्या रानात गेली होती का? तिथं एखादा काळा संकरित गोऱ्हा होता का? ही विचारपूस आधी करा. डॉक्टरची कॉलर नंतर.

हा झाला दिवसांचा पुरावा. रंगाचा पुरावाही त्याच्याच बाजूने बोलतो, पण तो नीट वाचावा लागतो.

एचएफचा काळा रंग हा गुरांमधला सगळ्यात सरळ वागणारा रंग. त्याचं जनुक १८ व्या गुणसूत्रावर आहे, एमसी१आर नावाचं. त्याचा जो काळा प्रकार आहे तो प्रभावी: आईकडून किंवा बापाकडून एक प्रत आली तरी वासरू काळं. याचा उलटा अर्थ जास्त कामाचा आहे. हा काळा लपून बसू शकत नाही. ज्या जनावरात तो आहे ते जनावर काळं दिसणारच, आणि जे तांबडं दिसतं त्याच्याकडे तो नाही. त्यामुळे ‘आजीचा रंग उतरला असेल’ हे जे म्हातारी माणसं सांगतात ते या काळ्याला लागू नाही. तुमची गाय तांबडी, म्हणजे हा काळा तिच्याकडून आला नाही. गायच शुद्ध नव्हती हे सासऱ्यांचं म्हणणं या रंगावरून तरी सिद्ध होत नाही. काळा आला बापाकडून, आणि तो बाप काळाच असणार. ज्या गीर वळूची कांडी होती त्याचा नंबर कांडीवर छापलेला असतो आणि भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदीत गाईच्या कानातल्या १२ आकडी बिल्ल्यासमोरही चढतो. त्या वळूचा फोटो मागवा. तो तांबडा किंवा कबरा निघाला की विषय संपला: तो या कालवडीचा बाप नाही.

एक पळवाट मात्र मी बंद करू शकत नाही. गीरमध्येही गडद रंग असतात, पिवळसर तांबड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत. पण तो गडदपणा वेगळा असतो. तो मान, वशिंड, तोंड इकडे जास्त दाटतो, मांड्यांच्या आतल्या बाजूला फिकट पडतो आणि वयाबरोबर बदलतो, नरात जास्त. खिलारचा वळू बघा, खांद्यावर काजळ धरल्यासारखा दिसतो, तशातला प्रकार. जन्मतःच नाकपुडीपासून खुरापर्यंत एकसारखा कोळसा हे त्याचं लक्षण नाही.

पांढऱ्याचं गणित वेगळं आहे आणि मला ते जास्त आवडतं. अंगावर रंग भरणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली, पुढे, मागे सरकत जातात. जिथं त्या पोचल्या नाहीत तिथं केस पांढरे. सगळ्यात लांबची ठिकाणं कोणती? पोट, कास, पाय, कपाळाचा मध्य, शेपटीचं टोक. म्हणूनच चांद, पांढरा गोंडा आणि पांढरं पोट हे तिन्ही एकत्र येतात. बांड्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या, रंगाची दोन्ही जनुकं आली तर एचएफसारखे मोठे ठिपके पडतात. एकच आलं तर बहुतेक वेळा अंगभर रंग आणि कडेकडेला एवढंच पांढरं. तुमची कालवड तशी आहे. पेशी किती दूर जाणार हे बरंचसं वंशातून ठरतं, पण नेमका ठिपका कुठं पडणार हे नाही. एकाच एचएफ गाईच्या क्लोन केलेल्या वासरांचे ठिपकेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा ‘त्याच्या वळूच्या डाव्या फऱ्यावर असाच डाग आहे’ असा पुरावा कुणी आणला तर चहा पाजून परत पाठवा.

आपल्या लोकांना हे सगळं डोळ्यांनी माहीत होतंच. गाईंची नावं काढून बघा: ढवळी, तांबू, कबरी, बांडी, हरणी, चांदी, कपिला. नाव म्हणजे रंगाची नोंदवहीच. बिघडलं ते संकरित आल्यावर. तेव्हापासून पुणे जिल्ह्यात काळ्या-पांढऱ्या एचएफलाही ‘जर्शी’ म्हणतात आणि तपकिरी जर्सीलाही ‘जर्शी’च. मालक फोनवर ‘जर्शी भरा’ म्हणतो तेव्हा मी आजही विचारतो, काळी का तांबडी?

आता तुम्ही पाठवलेला फोटो. कालवडीचे कान बघा. शुद्ध गीरचा कान लांब, खाली लोंबणारा, पानाची गुंडाळी केल्यासारखा, टोकाशी खाच. एचएफची कांडी असती तर पहिल्या पिढीत कान आखूड होऊन आडवे आले असते, वशिंड जवळजवळ नाहीसं झालं असतं आणि कपाळ सपाट पडलं असतं. हिचे कान खाली झुकलेत, पण गुंडाळी अर्धवट आहे. कपाळाला थोडा फुगवटा आहे. गळ्याखालची पोळी चांगली सुटलीय. म्हणजे बाप पूर्ण एचएफ नसावा, संकरित असावा. निम्मं एचएफ रक्त असलेला काळा गोऱ्हा धरला तर कालवडीत एचएफ पाव हिस्सा. एवढं फोटोवरून, यापुढचं डीएनएवरून.

रंगावरून जात ठरवायची घाई मीही केलीय, आणि ती मला महागात पडली नाही, दुसऱ्याला पडली. वीसेक वर्षांपूर्वी हवेली तालुक्यात एका घरी उदगीरकडून आणलेली गाय होती. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. मी गोठ्यात पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं, ही देवणी नाही, एचएफचा संकर आहे. कान बघितले नाहीत, पोळी बघितली नाही, पायाची ठेवण बघितली नाही. त्यांनी ती पडेल भावात विकली. पुढे उदगीरच्या बाजारात गेलो तर तशा गाईंची रांग. देवणीचे तीन रंगप्रकार आहेत: अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूंना काळं ती वानेरा, पांढऱ्या अंगाला खालच्या बाजूने काळे ठिपके ती बालंक्या, आणि अंगभर काळे-पांढरे पट्टे-ठिपके ती शेवरा. मी शेवऱ्याला संकर ठरवून मोकळा झालो होतो. आपली डांगी तर नगर-नाशिकच्या घाटात पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके घेऊनच पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभी आहे. ठिपके एचएफच्या मालकीचे नाहीत.

उलटी चूकही होते. खिलारचं वासरू माथ्यावर तांबूस झाक घेऊन जन्मतं आणि दोन-तीन महिन्यांत ती जाते. दरवर्षी एखादा तरी मालक आठव्या दिवशी फोन करतो की खिलारला तांबडं कसं झालं. मी सांगतो, पोळ्याला फोन करा.

आता तिसरा प्रश्न, आणि इथं बाजारातली सगळी फसवाफसवी दडलेली आहे. या कालवडीला गीरचीच कांडी लावली तर होणाऱ्या वासरात एचएफ सरासरी १२.५ टक्के. त्याच्या पुढच्या पिढीत ६.२५, त्याच्या पुढे ३.१२५. सरासरी म्हणतोय, कारण प्रत्येक वासराच्या वाट्याला थोडं कमी-जास्त येतं. एकाला १६ तर दुसऱ्याला ९. गीर कालवड पहिल्यांदा विते तेव्हा साडेतीन-चार वर्षांची असते. म्हणजे तीन पिढ्यांना दहा-बारा वर्षं धरा, आणि दर वेळी कालवडच झाली तर.

रंग मात्र एवढा थांबत नाही. तुमच्या काळ्या कालवडीकडे काळ्या जनुकाची एकच प्रत आहे, दुसरी आईची. गीर वळू लावला की निम्मी वासरं काळी, निम्मी तांबडी. नाणं उडवल्यासारखं. तांबडी झाली की त्या फांदीतून एचएफचा काळा कायमचा गेला, परत येणार नाही. पण रक्तात १२.५ टक्के एचएफ तसंच आहे. एका पिढीत रंग धुतला गेला, रक्त तीन पिढ्यांतही धुतलं जात नाही. बेल्ह्याच्या आणि चाकणच्या बाजारात ‘शुद्ध गीर’ म्हणून तांबडी गाय लाखाच्या भावाने उभी असते तेव्हा मला हेच गणित दिसत असतं. काळी असेल तर ती शुद्ध गीर नाही असं बऱ्यापैकी छातीठोक सांगता येतं. तांबडी आहे म्हणून शुद्ध आहे असं कधीच सांगता येत नाही.

बांडेपणाचं जनुक काळ्यापेक्षा चिवट. ते झाकलेलं राहू शकतं. तुमच्याच गोठ्यात आठ-दहा वर्षांनी अशा दोन झाकल्या रक्ताच्या जनावरांची गाठ पडली, तर चारातलं एखादं वासरू अचानक मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचं होईल आणि तेव्हाचा डॉक्टर शिव्या खाईल. बाहेर एचएफमध्येही असंच घडतं: काळ्या-पांढऱ्या आईबापांना लाल-पांढरं वासरू होतं, कारण लाल हा दबून राहणारा आहे. दोघांकडे एकेक प्रत लपलेली असते.

सगळीकडे प्रभावी आणि दबलेलं एवढंच चालतं असंही नाही. इंग्लंडच्या शॉर्टहॉर्नमध्ये लाल गाईला पांढरा वळू लावला तर वासरं लाल आणि पांढऱ्या केसांची खिचडी घेऊन येतात, आणि खिचडीला खिचडी लावली तर पुन्हा लाल, खिचडी आणि पांढरी तिन्ही निघतात. बेल्जियन ब्लू आणि ब्राउन स्विसमध्ये पाठीवर पांढरा पट्टा असणारी गुरं असतात, त्यांचं कोडं २०१२ मध्ये सुटलं: रंगपेशींशी संबंधित किट नावाच्या जनुकाचा तुकडा सहाव्या गुणसूत्रावरून उठून २९ व्या गुणसूत्रावर जाऊन बसला होता, आणि ब्राउन स्विसमध्ये तो बदललेला तुकडा परत सहाव्यावर आलेला सापडला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातले पुण्याला जाऊन परत आलेले लोक आठवले.

या सहाव्या गुणसूत्राची अजून एक गंमत. दुधातल्या ए१-ए२ चं, म्हणजे एका प्रथिनाच्या दोन प्रकारांचं, जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, किटपासून काही अंतरावर. तरीही रंग बघून ए२ सांगता येत नाही, कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. गीर गाय बहुतेक ए२ असते, एचएफमध्ये दोन्ही सापडतात. तुमच्या कालवडीला आईकडून ए२ आलं असणार, बापाकडून काय आलं ते केसांच्या मुळांच्या किंवा रक्ताच्या तपासणीतूनच कळेल.

दुधाचं तर विचारूच नका. रंग एक-दोन जनुकांचा खेळ, दूध शेकडो जनुकांचं, आणि गाई-गाईंतल्या दुधाच्या फरकाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा वंशातून येतो. बाकी वैरण, पाणी, सावली आणि मालकाची नियत. आपल्या भागात ज्यांनी संकर शहाणपणाने केला त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. राहुरी कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी तयार केली तेव्हा हिशेब होता एचएफ ५०, जर्सी २५, गीर २५. लष्कराच्या डेअरी फार्मांवर साहिवाल आणि एचएफमधून फ्रिजवाल काढली, ६२.५ टक्के एचएफ; ते फार्म मार्च २०२१ मध्ये बंद झाले, पिंपरीला ‘मिलिटरी डेअरी फार्म’ हे नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं. या सगळ्यांत टक्केवारी कागदावर होती. आपल्या गोठ्यात ती कुठंच नसते, म्हणून आपण रंगाकडे बघतो.

रंगाला महत्त्व कुठं आहे ते सांगतो: कातडीत. खिलारचे केस पांढरे, पण खालची कातडी काळी. ऊन परतवायचं केसांनी, सोसायचं कातडीने. एचएफच्या पांढऱ्या ठिपक्याखालची कातडी गुलाबी असते. मुळशी-मावळच्या डोंगराला घाणेरी माजलेली आहे. उन्हाळ्यात चारा संपला की गुरं ती खातात, यकृत बिघडतं आणि अंगाला ऊन सोसेनासं होतं. अशी एक बांडी गाय मी पौडजवळ तपासली होती. पांढऱ्या ठिपक्यावरची कातडी वाळून पापुद्र्यासारखी उचललेली, आणि तिला लागून असलेला काळा ठिपका शाबूत, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. यकृत तर सगळ्या गाईचं एकच होतं. तुमच्या कालवडीची कास आणि पोट पांढरं आहे. केस बाजूला सारून कातडी बघा. गुलाबी असेल तर घाणेरीच्या रानात तिला नेऊ नका आणि दुपारी सावलीत बांधा.

कालवड ठेवायची का? ठेवा. पाव एचएफ, पाऊण देशी हे जनावर आपल्या उन्हात टिकतं, माजावर वेळेवर येतं आणि गीरपेक्षा लवकर विण्याची शक्यता बरी असते. फक्त तिची नोंद संकरित म्हणून करा. गीर म्हणून बिल्ला चढवलात तर तिच्या लेकीच्या लेकीपर्यंत सगळी वही खोटी. नेमकं प्रमाण हवंच असेल तर आता सोयी आल्यात: हैदराबादच्या संस्थेने २०२१ मध्ये ‘इंडिगौ’ ही देशी गुरांसाठीची जनुकीय चिप आणली, आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशीमला ‘गौ चिप’चं लोकार्पण झालं. एका कालवडीसाठी मी हा खर्च करायला सांगणार नाही. दहा-बारा गीर गाईंचा कळप करून वळू विकायचा विचार असेल तर मात्र जरूर करा.

गाय विकू नका. तिने काही केलेलं नाही. पुढच्या वेळी रेतन केलं की कॅलेंडरवर १८ ते २४ व्या दिवसांना खूण करा, त्या आठवड्यात गाय दावणीला ठेवा, सकाळी उजाडताना आणि रात्री झोपण्याआधी मागून निरण (योनिमार्गाचं तोंड) बघा, काचेसारखी तार दिसली तर लगेच बोलवा. दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. ती केली असती तर गर्भ तीन आठवड्यांनी लहान आहे हे तेव्हाच हाताला कळलं असतं. आणि शेजारचा तो काळा गोऱ्हा, पोटाखाली पांढरा असेल तर माझी खात्री अजून वाढेल, तो दवाखान्यात नेऊन खच्ची करायला त्याच्या मालकाला राजी करा. गावात अजून कुणाकुणाकडे गीर आहे ते विचारा. त्यांच्याही गाई येत्या महिन्यात वितील.